भोंगा वाजला की बाहेर

बालकक्ष सहायक ही नोकरी मला मिळाली, कारण ड्रायव्हरच्या नोकरीसाठी गाडी चालवता येणं आवश्यक होतं. केंद्राच्या मॅडमनी माझा अर्ज एका गठ्ठ्यातून काढून दुसऱ्या गठ्ठ्यात ठेवला आणि विचारलं, "लहान मुलांचा काही अनुभव?" मी म्हणालो, "मी स्वतः बरीच वर्षं होतो." मॅडम हसल्या नाहीत. माणसं कमी होती, म्हणून सही केली.

आमचं केंद्र म्हणजे वजनमापं तपासणाऱ्या खात्याची जुनी इमारत. खातं दुसरीकडे गेलं, वजनं इथेच राहिली. सीमेपलीकडे लढाई सुरू झाली, माणसं येऊ लागली, तेव्हा कोणीतरी रिकाम्या इमारतींची यादी काढली आणि त्यात ही निघाली. बालकक्षाच्या भिंतीवर अजून हातभर अक्षरांत लिहिलेलं होतं, 'माप कमी आढळल्यास तत्काळ तक्रार करा.' पलीकडची माणसं आमचीच भाषा बोलतात, हेल तेवढा वेगळा. त्यामुळे मुलांना ते वाचता यायचं, आणि खिचडीच्या दिवशी दोघा-तिघांनी रीतसर तक्रार केलीही.

मुलं एकोणीस. त्यातल्या एका नऊ वर्षांच्या मुलीला सगळे हजेरी म्हणायचे. स्वयंपाकघरातल्या काकूंनी ठेवलेलं नाव. ती कुठल्याही खोलीत शिरली की आधी माणसं मोजायची. जेवायला बसताना मोजायची, उठताना मोजायची. मधल्या वेळात कोणी कमी झालं नाही अशी खात्री पटली की मगच पाणी प्यायची. तिच्या फ्रॉकला मागून एक चार वर्षांचा भाऊ लटकलेला असायचा. त्याचं नाव शेपूट. दोघं मावशीबरोबर आलेली. आई पलीकडेच राहिली होती. फोन लागला तर आवाजापुरती इकडे यायची. आमचं केंद्र ही त्यांची चौथी जागा. आधीच्या तीन म्हणजे शाळेचं मैदान, धान्याचं गोदाम आणि एक पोहण्याचा तलाव. "तलावात पाणी नव्हतं," एवढं मावशी दर वेळी आवर्जून सांगायची, म्हणजे कोणाचा गैरसमज नको.

माझ्या दुसऱ्या आठवड्यात अग्निशमन दलाने मॉक ड्रिल ठेवली. नियमच होता: इमारतीत पन्नासच्या वर माणसं राहत असतील, तर भोंगा वाजल्यावर सगळ्यांनी चार मिनिटांत अंगणात यायचं. तशी सूचना आदल्या दिवशी जिन्यात लावली. माझ्या हातानेच लावली, चारही कोपऱ्यांना चिकटपट्टी मारून.

अकराला भोंगा वाजला. माणसं अंगणात आली. कोणी चहाचा कप घेऊन, कोणी अर्ध्या तोंडाला साबण लावून, एक आजोबा खुर्चीसकट. दलाचे साहेब घड्याळ धरून उभे. चार मिनिटं झाली, पाच झाली. अंगणात एकसष्ट माणसं होती आणि त्यात एकही मूल नव्हतं.

मुलं तळघरात गेली होती. एकोणीसच्या एकोणीस. दीड मिनिटात, अंधारात, रांगेने, लहानांना मध्ये घेऊन, तोंडावर हात ठेवून. साहेब नंतर म्हणाले, वीस वर्षांच्या नोकरीत एवढी शिस्त पाहिली नाही. फक्त दिशा उलटी होती. पलीकडे भोंगा वाजला की वरून पडतं, आणि वरून पडलं की माणूस खाली जातो. हे त्यांना पाढ्यांच्या आधी पाठ झालेलं. मी लावलेली सूचना त्यांनी वाचली होती. पण सूचनेवर विश्वास ठेवून जगलेलं माणूस त्यांच्या ओळखीत कोणी नव्हतं.

सतरा जण पाण्याच्या पंपाशेजारी सापडले. दोन सापडेनात. हजेरी आणि शेपूट.

आम्ही हाका मारल्या. टॉर्च फिरवले. गच्ची बघितली, टाकी बघितली, काकूंनी पिठाचा डबा उघडून बघितला. पाच तास गेले. शेवटी मावशी जिन्यात बसून म्हणाली, "अहो, दुसरा भोंगा कुठे वाजला?"

"दुसरा कसला?"

"आमच्याकडे पहिला वर-खाली होतो. संपलं की दुसरा वाजतो, सरळ, लांब. तो वाजल्याशिवाय ती हलायची नाही. तिच्या आईने बजावलंय."

आमच्या ड्रिलला सुरुवात होती, शेवट नव्हता. तो ठेवायचं कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. वॉचमनकाकांनी केबिनमधलं बटण दाबून धरलं आणि भोंगा मिनिटभर सरळ वाजवला. तळघरातल्या लोखंडी वजनांच्या कपाटामागे खुडबुड झाली. भिंत आणि कपाट यांच्यामध्ये वीतभर जागा होती, त्यात ती दोघं उभी होती. शेपटाच्या तोंडावर तिचा तळवा. तो काढल्यावर त्याच्या गालावर चार बोटं उमटलेली दिसली.

हजेरीने आम्हाला मोजलं आणि म्हणाली, "उशीर केलात."

साहेबांनी अंगणात उभ्याउभ्या मॅडमना सांगितलं, "महिनाभरात पुन्हा घेणार. तेव्हा एक जरी मूल आत राहिलं, तर या इमारतीत मुलं ठेवता येणार नाहीत. मुलं असलेली कुटुंबं दुसऱ्या शहरातल्या स्टेडियमवर."

"अहो, पण ती घाबरून..."

"बाई, आग लागली तर आग विचारत नाही, का घाबरलात म्हणून."

हे त्यांचं म्हणणं बरोबर होतं, हाच वैताग. माणूस दुष्ट असता तर मला निदान झोप लागली असती.

म्हणजे पाचवी जागा. हजेरीने ते ऐकलं होतं; मोठी माणसं बोलत असली की ती तिथेच कुठेतरी मोजत उभी असायची. आल्यापासून ती बूट घालून झोपायची, ते गेल्या आठ दिवसांपासून काढून झोपायला लागली होती. त्या संध्याकाळी मावशीने मला पलंग दाखवला. बूट पायात. उशाला पिशवी. पिशवीत दोघांचे कपडे, आणि शेपटासाठी चार बिस्किटं.

"पुन्हा पहिल्यापासून," मावशी म्हणाली. "तिकडे पोरांच्या डोक्यावर बॉम्ब पडले, इकडे सूचना पडतात."

डॉक्टरताई मंगळवारी आणि शुक्रवारी यायच्या. त्या मनाच्या डॉक्टर. ना गळ्यात स्टेथोस्कोप, ना हातात सुई. मुलांना त्या डॉक्टर आहेत हे पटेना, म्हणून पहिले काही आठवडे त्या नुसत्या मांडी घालून बसल्या आणि चिखलाचे बैल करत राहिल्या. बैल अत्यंत वाईट व्हायचे. मुलांना कीव आली आणि ती शिकवायला लागली.

"भोंग्याची भीती नाही वाटत त्यांना," डॉक्टरताई म्हणाल्या. "भोंगा कधी वाजेल ते माहीत नसतं, त्याची वाटते. तो दुसऱ्याच्या हातात असतो. त्यांच्या हातात देऊ."

"काय देऊ?"

"भोंगा."

मॅडमनी यासाठी लेखी अर्ज मागितला. मी 'विषय: भोंगा मुलांच्या हाती देण्याबाबत' असा अर्ज केला. तो दोनदा परत आला. एकदा सही निळ्या शाईत नव्हती म्हणून, आणि एकदा मॅडमना वाटलं मी चेष्टा करतोय. तिसऱ्यांदा डॉक्टरताईंनी सही केली तेव्हा मंजूर झाला. एकच वाक्य लिहिणाऱ्या दोन माणसांत किती फरक असतो, ते मला त्या दिवशी कळलं.

पहिले दोन दिवस आम्ही भोंगा माझ्या मोबाइलवर वाजवला, इतका हळू की मच्छर वाटावा. कोणालाही वाटलं की हात वर करायचा, मी बंद करायचा. पहिल्या दिवशी मी तो एकोणचाळीस वेळा बंद केला. दुसऱ्या दिवशी बावीस. मग मुलांनी आपण होऊन आवाज वाढवायला लावला, मग मोबाइल दारात ठेवला, मग जिन्यात. मग त्यांनीच स्वतः भोंगा व्हायचं ठरवलं. एकोणीस भोंगे एका खोलीत. काकू हातात लाटणं घेऊन धावत आल्या.

"अरे, काय चाललंय? कढईतलं तेल हललं माझं!"

"उपचार चालू आहेत, काकू."

"कोणाचे? माझ्यावर पण करा मग, डोकं उठलंय!"

एकोणीस म्हणालो, पण सतरा. हजेरी खेळायची नाही. ती तळघराच्या जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसायची, शेपूट शेजारी, आणि आमच्याकडे असं बघायची जसं मी परीक्षेच्या आदल्या दिवशी क्रिकेट खेळणाऱ्या मित्रांकडे बघायचो. नाही, मीच खेळायचो. माझी आई बघायची. तसं.

मी तिच्याजवळ जाऊन बसलो.

"दादा, बाहेर छत नाही," ती म्हणाली.

"नाही."

"मग वरून पडलं तर?"

"इथे वरून पडत नाही."

"कोणी सांगितलं?"

मी थोडा विचार करून म्हणालो, "मॅडमनी."

तिने माझ्याकडे बघितलं. नऊ वर्षांच्या मुलीने आपली कीव करणं, हा अनुभव प्रत्येकाने एकदा घ्यावा.

डॉक्टरताईंना सांगितलं तर त्या मलाच रागावल्या. "जे आपल्या हातात नाही त्याचं वचन द्यायचं नाही. पडणार नाही म्हणून तिच्या घरीही कोणीतरी सांगितलं असेल. तिला कारण दे. कारण दिलं की ती स्वतः हिशोब लावते."

मग मी हजेरीला स्वयंपाकघरात नेलं. काकूंनी तव्यावर कागद जाळून दाखवला. धूर कुठे जातो, आग कुठे चढते, तळघराला दार एकच कसं, तिथून निघता कसं येत नाही. हजेरीने तीन वेळा कागद जाळायला लावला. शेपटाने चौथ्यांदा मागितला, पण ते शास्त्रासाठी नव्हतं.

"म्हणजे तिकडे बाहेरून येतं," ती म्हणाली, "आणि इथे घरातूनच."

"हो."

"मग पहिल्यांदाच सांगायचं ना. नुसतं 'बाहेर या' काय लिहिता?"

चिकटपट्टी मात्र चांगली लावली होती.

दोन दिवसांनी ती आपणहून आली आणि अटी सांगितल्या. बटण एकदा ती दाबणार. बाहेर आल्यावर मोजणार तीच. मोजून सगळे भरले, की ती 'संपलं' म्हणणार, आणि तिने म्हटल्याशिवाय ड्रिल संपणार नाही. कोणी कितीही मोठा साहेब असो. सगळं कबूल केलं. तिने केबिनमधलं बटण दाबलं. गच्चीवरचा खरा भोंगा सरावात पहिल्यांदाच वाजला, तरी तिने बोट उचललं नाही. मुलं बाहेर आली. तिने मोजलं. दुसऱ्यांदा मोजलं.

"संपलं."

काकू पदराने नाक पुसत म्हणाल्या, कांदा चिरत होते. कांदा त्या दिवशी नव्हता.

"खऱ्या दिवशी पण मी बाहेर येईन," हजेरी मला म्हणाली. "सगळ्यांना घेऊन येईन. सांगून ठेवते."

"बरं," मी म्हणालो.

यानंतर तिचं बरं चाललं. बूट एका रात्री निघाले, दुसऱ्या रात्री पुन्हा चढले, मग निघालेच. पिशवीतली बिस्किटं शेपटाने खाल्ली आणि तिने नवी भरली नाहीत. बिघडलो तो मी.

साहेब शुक्रवारी येणार होते. सोमवारपासून मला एका जागी बसवेना. मी दिवसातून दहा वेळा तळघरात जाऊन कपाटामागे बघायचो. कपाट तिथून हलवता येईल का बघितलं. आत दोन टन वजनं होती, आणि ती खरीच दोन टन होती, खात्याने तपासलेली. मग मी बाजारातून एक कुलूप आणलं.

डॉक्टरताईंनी माझ्या हातातलं कुलूप बघितलं. "हे कशाला?"

"तळघराला. म्हणजे प्रश्नच मिटला."

"आणि ती घाबरून तिकडेच धावली, आणि दार बंद मिळालं, तर? त्या क्षणी तिला काय वाटेल? दे इकडे."

"पण ताई, ती गेली तर पाचवी जागा. स्टेडियम. तिथे कोण कागद जाळून दाखवणार आहे?"

"ती म्हणालीय ना, येईन?"

"म्हणालीय."

"मग तुला काय झालंय? झोपतोस का नीट? जेवतोस? अचानक दचकायला होतं?"

"ताई, हा मुलांचा फॉर्म आहे."

"माहितीये. तुझे बारा गुण झाले. चौदा झाले की मी मुलांना उपचाराला खोलीत बोलावते."

बुधवारी पावणेचारला मी भांडारात होतो. रंगीत कागद संपले होते म्हणून. तेवढ्यात भोंगा वाजला.

बुधवारी. साहेब शुक्रवारी येणार होते. पण आग काय वार बघून लागते का, असं साहेबांचं मत, आणि तेही बरोबरच.

मी कागद टाकून धावलो. बालकक्ष रिकामा. चिखलाचे बैल आडवे पडलेले, एक खुर्ची उलटी. पॅसेजमध्ये कोणी नाही. समोर दोन वाटा: उजवीकडे अंगण, डावीकडे तळघराचा जिना. तळघराचं दार अर्धवट उघडं होतं.

ते मीच दुपारी उघडं टाकलं होतं, दहाव्या फेरीत. हे मला नंतर आठवलं. त्या वेळी एवढंच दिसलं की दार उघडं आहे. मी डावीकडे वळलो.

खाली दिवा लागेना. मी मोबाइल काढला, तो हातातून निसटून पंपाखाली गेला. मी अंधारात चाचपडत कपाटापर्यंत पोचलो आणि त्या वीतभर फटीत हात घातला. "हजेरी! शेपटा! अरे चला, आग आहे, म्हणजे नाहीये, पण चला!" फटीत कोळ्याचं जाळं लागलं. मला वाटलं केस आहेत. मी ओरडलो. खांदा आत घातला, तो अडकला. वर भोंगा बंद झाल्याचंही मला कळलं नाही, कारण माझ्या कानात तो चालूच होता.

अंगणात काय झालं ते मला वॉचमनकाकांनी नंतर सांगितलं, आणि त्यानंतर रोज सांगतात.

भोंगा वाजला तशी हजेरी उठली. तिने शेपटाचा हात फ्रॉकवरून काढून आपल्या हातात घेतला, "उजवीकडे," एवढं म्हणाली, आणि अठरा मुलं तिच्यामागून बाहेर पडली. एक मिनिट बावन्न सेकंद. आजोबा या वेळी खुर्चीशिवाय आले. चौथ्या मिनिटाला साहेबांनी घड्याळ बंद केलं आणि म्हणाले, "वा! झालं, संपली ड्रिल."

"नाही संपली," हजेरी म्हणाली.

"मुलं सगळी आलीत की, बाळ."

"मुलं आलीत. दादा नाही आला. एक कमी आहे."

"तो येईल. तो मोठा आहे."

"मोठे पण कमी होतात," ती म्हणाली आणि दाराकडे निघाली.

साहेबांनी तिला हाताने अडवलं. तिने हाताचा चावा घेतला. साहेब कळवळले, हात सुटला, आणि ती दारापर्यंत धावली. इथे मॅडमनी डोळे मिटले म्हणे. मूल आत गेलं की अट मोडली. पण उंबऱ्यापाशी हजेरी थांबली. एक पाय उचललेला. तो तिने परत खाली ठेवला, उंबऱ्याच्या अलीकडे. तिथूनच तिने आत बघून हाक मारली. मग मागे वळून मुलांना म्हणाली, "बघत काय उभे राहिलात? भोंगा व्हा!"

ते मला ऐकू आलं. भिंतीतून, पाइपातून, पायाखालून. एकोणीस आवाज, "दादाऽऽ". मी खांदा फटीतून ओढून काढला, सदऱ्याची बाही आतच राहिली, आणि जिना चढून बाहेर आलो. सहा मिनिटं बारा सेकंद. अंगावर जाळी, एक बाही कमी. अंगणातल्या सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी बाहेर आलेला एकमेव अपघातग्रस्त होतो, आणि अपघात झालेलाच नव्हता.

हजेरीने मला मोजलं. मग सगळ्यांना पुन्हा पहिल्यापासून मोजलं. 'संपलं' म्हणाली, पण माझ्याकडे न बघता.

साहेबांनी मनगटाला रुमाल बांधून केबिनमध्ये अहवाल लिहिला. मॅडम आणि मी समोर उभे.

"जखमी या रकान्यात काय लिहू?" त्यांनी विचारलं. "इथे भाजणे, गुदमरणे, पडणे एवढंच आहे."

"इतर?" मॅडम हळूच म्हणाल्या.

त्यांनी 'इतर' वर खूण केली. "मुलं एकोणीसपैकी एकोणीस. अट मुलांची होती. मुलं इथेच राहतील." मॅडम मटकन खुर्चीत बसल्या. "कर्मचारी मात्र एक आत सापडला. का गेला होतास रे?"

"मुलगी शोधायला."

"मुलगी तर पहिली बाहेर होती."

"हो."

"तीन दिवसांचं प्रशिक्षण घे. आमच्याकडे. सोमवारपासून." दारात ते थांबले. "त्या पोरीला मोठी झाल्यावर आमच्या खात्यात पाठवा. चावायचं तेवढं सोडून."

मावशीने स्टेडियम टळल्याचं ऐकलं आणि पिशवी झटकून गच्चीवर वाळत टाकली. ती ओली नव्हती. काकूंनी सगळ्यांना शिरा केला. हजेरी शिरा घेऊन कोपऱ्यात बसली आणि खाईना. मी जाऊन शेजारी बसलो. माझ्या डोक्यात त्या क्षणी चार विनोद तयार होते. त्यातले दोन तर खरंच चांगले होते.

"खाली का गेलास?" तिने विचारलं.

"तुला बघायला."

"मी सांगितलं होतं ना, बाहेर येईन म्हणून."

"सांगितलं होतंस."

"मग?"

मी विनोद सोडून दिले. "मला खरं वाटलं नाही."

ती बराच वेळ बोटाने शिऱ्यात रेघा काढत राहिली. "मला वाटलं तू पण गेलास," ती म्हणाली.

"चूक माझी आहे. तू बरोबर केलंस. सगळं."

"मला माहितीये मी बरोबर केलं," ती चिडून म्हणाली. "तू नीट वाग."

त्या रात्री बूट पुन्हा पायात होते. या वेळी भोंग्यामुळे नाही, सूचनेमुळे नाही, लढाईमुळेही नाही, माझ्यामुळे. शुक्रवारी डॉक्टरताईंना हे सांगितलं तेव्हा मला वाटलं, माझा चौदाचा आकडा पार होणार. त्या म्हणाल्या, "ती आता काही दिवस तुझ्यावर लक्ष ठेवेल. ठेवू दे. जाताना सांगून जा, सांगितलंस तेवढ्या वेळात परत ये. विचारलं की दर वेळी उत्तर दे. आणि थट्टा नको."

"बिलकूल नको?"

"आठवडाभर."

आता मी भांडारात जाताना सांगतो, "भांडारात, पाच मिनिटं." पाणी प्यायला जाताना सांगतो, "पाणी, एक मिनिट." सोमवारच्या प्रशिक्षणाचा पत्ता, वेळ आणि बसचा नंबर मी तिला कागदावर लिहून दिला, तिने तो मावशीकडून तपासून घेतला. परत आलो तेव्हा ती फाटकाशी होती. मी सांगितल्यापेक्षा सात मिनिटं उशिरा आलो होतो. बस चुकली होती. तिने त्याचंही कारण लेखी मागितलं.

आज दुपारी मी शौचालयात गेलो. सांगून. दाराबाहेर दोन सावल्या येऊन उभ्या राहिल्या, एक मोठी, एक तिला चिकटलेली.

"दादा, आहेस का?"

"आहे."

मग पुन्हा, "आहेस का?"

"आहे गं."

"कडी लावली आहेस?"

"लावली आहे."

"काढ. आम्ही दार धरून ठेवतो."

मी कडी काढली. बाहेरून दोन हातांनी, मग चार हातांनी दार घट्ट ओढून धरलं गेलं. पॅसेजमधून वॉचमनकाका आले, मला आत जायचंय म्हणाले. हजेरीने त्यांना थांबायला सांगितलं. आत माणूस आहे, नीट बाहेर आल्यावर मग. काका म्हणाले, बरं.

"आहेस का?"

"आहे."